बिडाचे मामा

ब्रिटनमध्ये जुनं घर घेणारे मराठी इंजिनिअर दोन प्रकारचे. एक घर दुरुस्त करून घेतो. दुसरा स्वतः दुरुस्त करतो. म्हणजे घर कायम दुरुस्तीतच असतं. लीड्सचे आमचे मामा दुसऱ्या जातीचे. मूळचे कोल्हापूरचे, वडील उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर. त्यामुळे जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यांच्या लेखी दोनच वर्ग: बीड आणि पत्रा.

घर व्हिक्टोरिया राणीच्या काळचं, लाल विटांचं. त्यात पत्र्याचे पांढरे रेडिएटर होते आणि ते उत्तम चालत होते. पण पत्रा तो पत्राच. मामांनी जुन्या सामानाच्या वखारीतून पाडलेल्या शाळेचे बिडाचे रेडिएटर आणले. विकत घेताना प्रत्येक खंडावर बोटाच्या पेरानं टकटक करून, कलिंगड निवडावं तसा कान लावून ऐकलं. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर तडा.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दार उघडताच म्हणाले, "आलायस? बरं झालं. हात लाव जरा."

दहा खंडांचा एक नग म्हणजे ७०-८० किलो, आत पाणी भरल्यावर आणखी. तो दोघांनी जिन्यावरून वर नेला. माझी कंबर अजून ती तारीख सांगते. वर गेल्यावर मामांना आठवलं, की लाकडी जमिनीखालच्या तुळया आधी तपासायच्या होत्या. नग पुन्हा खाली.

मग शिकवणी सुरू झाली. दोन खंड जोडणाऱ्या नळकांड्याला एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे; एकदा फिरवलं की दोन्ही खंड एकमेकांकडे ओढले जातात. "लग्नासारखं," मामा म्हणाले. "आणि गंजलं की सुटत नाही," मामी आतून म्हणाल्या.

या पंथाचा आद्यपुरुष म्हणजे सेंट पीटर्सबर्गचा कारखानदार फ्रान्झ सान गाल्ली. १८५० च्या दशकात त्यानं रेडिएटर आणला. मामा त्याचं नाव कानाच्या पाळीला हात लावून घेतात. चंदेरी रंग मात्र त्यांना चालत नाही. त्यातल्या अॅल्युमिनिअममुळे उष्णता बाहेर कमी फेकली जाते, म्हणून आधीच्या मालकाचा तो थर खरवडण्यात त्यांची एक अख्खी सुट्टी गेली. हवा काढायची पितळी चावी त्यांच्या गळ्यात असते, जोतिबाच्या पदकाला लागून. पाहुण्यांसमोर ते फुस्स करून हवा काढतात, मग काळं पाणी वाटीत धरून दाखवतात. त्यासाठी मामींची श्रीखंडाची वाटी कामी आली आहे.

जानेवारीत पुन्हा गेलो. मामी कानटोपी घालून पोहे करत होत्या. मी धीर करून विचारलं, "मामा, घर जरा गार नाही का?"

हा प्रश्न कुणीच विचारू नये. मामांनी कागद काढला. बॉयलरकडे परतणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असलं, तरच धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि तिची उष्णता वाया न जाता पाण्यात येते. म्हणून मामा पाणी कोमटच फिरवतात. पण रेडिएटरची छापील ताकद मोजतात ती तो खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम आहे असं धरून. फरक ३० वर आला, की ताकद जवळजवळ निम्मी. "म्हणून तर एवढे मोठे नग पाहिजेत!" मामा विजयानं म्हणाले. "अजून चार आणायचेत."

"तापतात कधी?" मी विचारलं.

"बीड आहे मर्दा! तापायला वेळ घेतं, पण निवायलाही घेतं."

"हो ना," मामी म्हणाल्या, "आम्ही वर झोपायला गेलो की दिवाणखाना तापतो. रात्रभर सोफा मजेत असतो."

मामांनी ऐकलं नाही. ते खिडकीखालच्या रेडिएटरजवळ वाकले होते. तळव्यानं खंडामागून खंड चाचपत, घोड्याची पाठ थोपटावी तसे. चेहरा एकदम उजळला. "ये, ये! हात लाव जरा!"

मी दचकून कंबर धरली. पण या खेपेला उचलायचं नव्हतं. बीड खरंच कोमट झालं होतं.

तेव्हा लीड्सला कधी मामांकडे गेलात, तर स्वेटर सोडू नका. आणि ते "हात लाव" म्हणाले, की आधी विचारा: बघायला, की उचलायला?