गळ्याशी आलेले मोती

मोत्यांचा चोकर कशावर घालावा हे सांगायला हल्ली सगळं जग मोकळं बसलं आहे. चेहरा गोल असेल तर असा, लांबट असेल तर तसा. ब्लाउजचा गळा पानाचा असेल तर दोनपदरी, चौकोनी असेल तर चारपदरी. रील्सवाल्या मुली पैठणीचा काठ बघून मोत्याची झाक सांगतात, दुधी घ्या की गुलाबी घ्या. पण एक साधा प्रश्न कोणीच विचारत नाही: त्या समारंभात तुमच्या मानेला कामं किती आहेत?

माझं म्हणणं एवढंच आहे. साडी, ब्लाउज, अंबाडा हे सगळं मागाहून. आधी मानेला विचारा. लांब सर छातीवर निवांत लोळत असतो, त्याला तुमच्या हालचालींशी देणंघेणं नसतं. चोकर मात्र थेट कामाच्या जागी ठाण मांडतो. वाकणं, वळणं, गिळणं, मान डोलावणं, पलीकडच्या खुर्चीवरच्या जाऊबाईंकडे तिरकं बघणं, ही सगळी महत्त्वाची कामं जिथून चालतात नेमका तोच टापू तो अडवतो.

आपली चिंचपेटी घ्या. मोत्यांच्या आडव्या ओळी, त्यांना ताठ धरून ठेवणाऱ्या उभ्या पट्ट्या, मध्ये लाल-हिरवे खडे, मागे रेशमी दोरी आणि गोंडा. ठुशी समजूतदार असते, दोरी जरा सैल केली की गुमान खाली उतरते. तन्मणीचं खोड आपलं खाली लोंबत असतं, त्याला तक्रार नाही. चिंचपेटी तडजोड करत नाही. तिची उंची ठरलेली आहे, आणि तेवढी जागा मानेकडे नसेल तर तो मानेचा दोष.

आमच्या माहेरी हा दोष पिढीजात आहे. आमच्याकडे हनुवटी संपली की लगेच खांदे सुरू होतात. अशा मानेवर रुंद चिंचपेटी लोकलमधल्या चौथ्या सीटवरच्या बाईसारखी बसते: अर्धी अधांतरी आणि शेजारच्यांवर नाराज. आखूड मानेच्या बायकांनी एकपदरी, फार तर दुपदरी सर घ्यावा, तो गळ्याच्या खळगीपर्यंत उतरू द्यावा आणि ब्लाउज खोल व्ही गळ्याचा शिवावा, म्हणजे आहे ती मान निदान कारणी लागते. लांब मानेच्या बायकांना सल्ला लागतच नाही. त्यांना फोटो काढणारा लागतो.

पाश्चात्त्य जवाहिऱ्यांनी मोत्यांच्या लांबीचे हिशेबच घालून ठेवले आहेत. १४ ते १६ इंच म्हणजे चोकर, २० ते २४ म्हणजे मॅटिनी, २८ ते ३६ म्हणजे ऑपेरा. म्हणजे बालगंधर्वला दुपारच्या प्रयोगाला बावीस इंची घालून जायचं आणि रात्रीच्या प्रयोगाला छत्तीस इंची, असा काहीसा तो बेत दिसतो. आपल्याकडे नाटकाला जाताना गळ्यापेक्षा मध्यंतरातल्या बटाटेवड्याची काळजी जास्त, त्यामुळे ही पद्धत इथे रुजली नसावी.

लग्नाला मात्र चिंचपेटी हवीच. पूर्वी ते जमून जायचं, कारण घरच्या बायका जेवायच्या सगळ्यात शेवटच्या पंगतीला, आणि तोवर दागिने उतरवून साडीही बदललेली असायची. आता बुफे आला. एका हातात ताटली, दुसऱ्या हातात पर्स, आणि चिंचपेटीनं हनुवटी वर धरलेली. समोरचा माणूस दिसतो, झुंबर तर फारच छान दिसतं, ताटली काही दिसत नाही. गुलाबजाम वाढला की दहीवडा, हे चमचा तोंडात गेल्यावर कळतं.

त्यात हल्ली पाणीपुरीचा काउंटर असतो. पाणीपुरीला पुढे झुकावं लागतं, आणि झुकल्यावर पहिला थेंब कुठे पडतो हे मी सांगायला नको. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आंबटाशी त्याचं हाडवैर. रोमन लेखक प्लिनीनं क्लिओपात्राची गोष्ट लिहून ठेवली आहे. जगातली सर्वांत महागडी मेजवानी देऊन दाखवते अशी अँटनीशी पैज लावून तिनं कानातला मोती काढला, व्हिनेगरमध्ये विरघळवला आणि पिऊन टाकला. गोष्ट खरी असो वा नसो, तिनं निदान एक साम्राज्य प्रभावित करायला एक मोती घालवला. आपण शेवटच्या सुक्या पुरीपायी अख्खा पदर पणाला लावतो.

आणि लग्न म्हटलं की मावशी आली. सख्खी असेलच असं नाही, पण असते. ती तुमची ख्यालीखुशाली विचारत जवळ येते, तिची नजर हळूहळू खाली उतरते आणि गळ्याशी थांबते.

"खरे का गं?"

"हो, मावशी."

यावर विश्वास ठेवायचा असता तर तिनं विचारलंच नसतं. ती चिंचपेटीची खालची कड दोन बोटांत धरते, मलाही सोबत ओढून घेते आणि एक मोती आपल्या पुढच्या दातावर हलकेच घासते. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, मावशी भाचीचा गळा चावते आहे. खरा मोती दातावर किंचित कचकचतो, काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत सरकतो. मावशी डोळे मिटून कौल घेते. तिच्या श्वासाला बडीशेपेचा वास असतो, आणि त्या क्षणी माझी मान तिच्या ताब्यात असते.

"खरे आहेत. बसरा?"

"नाही हो, कल्चर्ड."

मावशी कड सोडते. चेहऱ्यावर पाहुणीला दुसऱ्या दिवसाची भाजी वाढली गेल्याचा भाव.

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तिच्या लेखी मोती म्हणजे आखातातला, पाणबुड्यांनी बुडी मारून काढलेला. तो माल मुंबईच्या बाजारात येत असे, इथे निवडला-विंधला जाई आणि मग जगभर पांगे. १८९३ साली जपानमध्ये कोकिची मिकिमोतोनं शिंपल्याच्या पोटात कण पेरून अर्धगोल मोती पिकवला, पुढे गोल मोतीही पिकू लागले आणि जुन्या मोत्याचा रुबाब ओसरला. किती ओसरला? १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये कार्टियरनं नैसर्गिक मोत्यांचा दुपदरी हार आणि वर १०० डॉलर देऊन फिफ्थ ॲव्हेन्यूवरची हवेली घेतली. हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती. चाळीस वर्षांनी तोच हार लिलावात गेला तेव्हा त्याच्या पावपटही किंमत आली नाही. हवेलीत आजही कार्टियरची पेढी आहे. प्रभात रोडवरचा बंगला देऊन बायकोला मोत्याचे सर घेणारा नवरा अजून माझ्या पाहण्यात नाही, आणि हे कळल्यावर कोणी निघेल असंही वाटत नाही.

बरं, दाताला नैसर्गिक आणि कल्चर्ड यांतला फरक कळतच नाही. दोन्हींवर थर तोच, शिंपल्यानंच चढवलेला. पोटात काय आहे ते खात्रीनं बघायला एक्स-रे लागतो. मावशीनं पुढच्या लग्नाला यंत्र घेऊन यावं, मी आडवी पडायला तयार आहे.

दात झाले की दुसरी तोफ सुटते: "हीच होती ना गं साखरपुड्याला?" याला माझ्याकडे उत्तर तयार असतं: डायना. तिला इंग्लंडच्या राजमातेनं लग्नात नीलमण्याचा ठसठशीत ब्रोच दिला होता. तो तिनं मोत्यांच्या सात पदरांच्या मधोमध बसवून चोकर करून घेतला. १९८५ साली व्हाइट हाउसमध्ये ती तोच घालून नाचली, १९९४ साली त्या गाजलेल्या काळ्या पोशाखावर तोच, आणि १९९६ साली न्यूयॉर्कच्या मेट गालालाही तोच. राजघराण्यातली सून एकच चोकर अकरा वर्षं फिरवते आणि आम्ही साखरपुडा ते लग्न एवढंही फिरवायचा नाही?

यातून एक कामाची गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. घरात आजेसासूबाईंच्या तन्मणीचं एखादं खोड पडलेलं असतं, पदर केव्हाच तुटलेले. ते पटवेकऱ्याकडे न्यावं आणि तीनपदरी सरांच्या मध्ये गाठवून घ्यावं. लग्नात खोड समोर ठेवायचं. साध्या हळदीकुंकवाला तेच सरकवून मानेच्या एका बाजूला घ्यायचं, की दागिना वेगळा दिसतो आणि प्रश्नकर्त्या क्षणभर गोंधळतात. गाठवताना प्रत्येक मोत्याच्या मागे-पुढे गाठ मारून घ्या. दोरा तुटला तर एकच मोती पळतो, बाकीचे जागेवर राहतात.

मंगळागौरीला माझ्या मते मोती घालूच नयेत. फुगडीत मान मागे जाते, झिम्म्यात पुढे येते आणि पिंग्यात कुठे असते ते बाईलाही माहीत नसतं. तिथे तुळशीबागेतली खोटी चिंचपेटी उत्तम. तुटली तर खेळ थांबवून गादीखाली हात घालत कोणी फिरत नाही.

ऑफिसातल्या ट्रॅडिशनल डेला एकपदरी सर, सुती साडी, संपलं. फक्त आयकार्डाची निळी फीत मोत्यांवरून जाते आणि फोटोत कंपनीचं नाव मोत्यांपेक्षा ठळक येतं. त्याला इलाज नाही.

संक्रांत मात्र वेगळीच. काळ्या चंद्रकळेवर पांढरा मोती जितका खुलतो तितका तो कशावरच खुलत नाही, आणि नेमक्या त्याच दिवशी नव्या सुनेच्या गळ्यात मोत्याऐवजी साखर असते. हलव्याची चिंचपेटी लांबून हुबेहूब मोत्याची. जवळ आलं की काटा दिसतो. हलव्याची सगळी प्रतिष्ठा त्या काट्यात. तासन्‌तास मंद आचेवर पाक थेंबाथेंबानं घालत, बोटांनी हलवत तो आणायचा, आणि मग तोच काटा नव्या सुनेच्या गळ्यावर रुतवायचा. बिचारीला मान वळवता येत नाही, म्हणून ती सगळ्यांकडे सरळ आणि नम्र बघते आणि "किती शांत आहे हो मुलगी" असं कौतुक होतं. दुपारी घाम आला की साखर पाघळते. मान चिकट, मागून एखादी मुंगी वाट काढत आलेली, आणि समोर अजून निम्म्या बायकांना वाण द्यायचं राहिलेलं. बोरनहाणाच्या बाळाला अक्कल जास्त असते. ते गळ्यातला दागिना ओढून सरळ तोंडात घालतं.

आमच्याकडच्या खऱ्या मोत्यांचा कारभार सासूबाईंकडे आहे. त्यांचा नियम असा की मोती सगळ्यात शेवटी चढवायचा आणि सगळ्यात आधी उतरवायचा. अत्तर, स्प्रे, पावडर जे काय फासायचं ते आधी. उतरवल्यावर मऊ मलमलीनं पुसायचा, एरंडेल सापडलं म्हणून चोळायचं नाही. वर्षानुवर्षं लॉकरमध्ये कोंडून ठेवलेला मोती कोरडा पडतो यावर त्यांचा ठाम विश्वास आहे. मोत्यात थोडं पाणी असतंच, त्यामुळे विज्ञानही त्यांच्या बाजूचं आहे. म्हणून त्या अधूनमधून नुसत्याच, घरच्या गाउनवर, चिंचपेटी घालून बसतात. कुरिअरवाला आता दचकत नाही.

गेल्या गणपतीत माझा पुतण्या त्यांच्याकडे मोत्यांचा चोकर मागायला आला. तो ढोलपथकात आहे, कानात भिकबाळी आधीपासूनच होती. त्यानं फोनवर हॅरी स्टाइल्स या गायकाचा फोटो दाखवला: गळ्यात मोत्यांचा सर, अंगात स्वेटर. मला वाटलं, आता सासूबाई भडकणार. त्यांनी चष्मा वर करून फोटो पाहिला.

"यात नवीन काय? पेशव्यांच्या तसबिरी बघ. गळ्यात मोती, पगडीत मोती, कानात मोती. बायकांना उरत होते हेच नवल."

मी माझा प्रश्न पुढे केला. ढोल कमरेला बांधून तासभर वाजवायचा, मान तालावर खाली-वर, घामाच्या धारा. मोत्याचं काय होईल? त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "काकू, मिरवणुकीत नाही घालत. फोटोपुरता घालतो."

सासूबाईंनी डबा उघडून दुपदरी सर त्याच्या हातावर ठेवला. तो आरशासमोर दोन्ही हात मानेमागे नेऊन दोरीशी झटापट करू लागला. गोंडा एकदा शर्टात गेला, एकदा भिकबाळीत अडकला.

"पेशव्यांकडे बांधायला माणसं होती," सासूबाई म्हणाल्या. "वळ इकडे."