जरा बाजूला व्हा

निसर्गचित्रणाचा नाद असलेल्या माणसाशी लग्न केलं की समुद्र कायम त्याच्या पाठीमागून बघावा लागतो. गुहागरचा किनारा चांगला लांबलचक, मागे सुरूचं बन. पण एवढ्या पसाऱ्यात माझ्या नवऱ्याला नेमकी आम्ही उभे असू तेवढीच जागा रिकामी हवी असते. "जरा बाजूला व्हा" हे त्याचं सहलीतलं मुख्य संभाषण.

सहलीची तारीखही आमच्या रजा बघून ठरत नाही. सूर्यास्ताला ओहोटी हवी, म्हणजे ओल्या वाळूत आकाशाचं प्रतिबिंब पडतं. त्यासाठी त्याने पैसे भरून भरती-ओहोटीचं ॲप घेतलंय. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकांनी अडकित्त्याने सुपारी कातरताकातरता तेच फुकट सांगितलं. "उद्या पौर्णिमा ना? तिथीची पाऊणपट करायची. पंधराची सव्वाअकरा. तेव्हा भरती, पुढे सहा तासांनी सुकती." ॲपही तसंच काहीसं म्हणत होतं, पण इंग्रजीत. "मोदक हवे असतील तर आत्ताच सांगा," काका म्हणाले, "आणि आठाला पान मांडतो. सूर्य कितीला बुडतो ते आम्हाला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी साडेचारलाच तिकाटणं वाळूत रोवलं गेलं. सूर्याची कड पाण्याला टेकल्यापासून तो बुडेपर्यंत जेमतेम अडीच मिनिटं लागतात. त्यात नवरा सांगतो की टेकलेला दिसतो तेव्हा सूर्य खरा क्षितिजाखाली गेलेलाच असतो, हवेत किरण वाकतात म्हणून आपल्याला दिसतो. म्हणजे हजर नसलेल्या माणसासाठी दीड तास जागा धरायची. हे आम्ही एसटीत करतो, तेव्हा निदान रुमाल तरी ठेवतो.

आकाशात त्या दिवशी ढगाचा ठिपका नव्हता. मला ते बरं वाटलं, नवऱ्याला सुतक आलं. ढगाशिवाय आकाश म्हणजे नुसती भिंत, असं त्याचं मत. मग त्याने सासूबाईंना गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराची गोष्ट सांगितली. 1850च्या दशकात एकाच काचेवर समुद्र आणि आकाश दोन्ही नीट उमटत नसत, म्हणून हा गृहस्थ समुद्र एका काचेवरचा घ्यायचा, ढग दुसरीवरचे, आणि छापताना जोडायचा. आई म्हणाल्या, "मग तूही घरी गेल्यावर दुसरं लाव, आणि चल आता." एवढं बोलून त्या घडीच्या स्टुलावर बसल्या. बरोब्बर चौकटीत.

आता त्यांना कोण उठवणार? शिवाय बिस्किटाच्या आशेने एक तांबूस कुत्रा त्यांच्या पायाशी येऊन टेकला होता.

नवऱ्याने शेवटचं अस्त्र काढलं. भिंगापुढे काळी काच बसवायची आणि तीस सेकंद पडदा उघडा ठेवायचा. लाटा पुसल्या जातात, पाण्याचं दूध होतं. (लाटा बघायला एवढा घाट उतरून यायचं आणि त्याच पुसायच्या, हे मी त्याला एकदा विचारलंय. उत्तर अजून यायचंय.) फोटो झाला की तेवढाच वेळ कॅमेरा स्वतःशी काहीतरी पुटपुटत बसतो, तोवर कोणी काही विचारायचं नाही.

या प्रकारात हलणारी माणसं उमटतच नाहीत. क्रिकेट खेळणारी पोरं गेली, भेळवाल्याभोवतीची गर्दी गेली, आमची पाण्यात उड्या मारणारी लेक गेली. सगळा किनारा त्याला हवा तसा निर्मनुष्य झाला. राहिली ती फक्त स्थिर बसलेली मंडळी. सुरूंच्या मागून पौर्णिमेचा चंद्र वर येत होता. सगळं गुहागर पश्चिमेला तोंड करून उभं असताना आई एकट्या समुद्राकडे पाठ करून तो बघत होत्या, म्हणजे थेट कॅमेऱ्याकडे. उजेड कमी, पण पदर आणि बैठक कोणीही ओळखावी.

मोदकावर तूप घेताघेता त्यांनी चष्मा लावून फोटो पाहिला.

"छान आलाय हो," त्या म्हणाल्या. "कुत्र्याने तेवढी शेपटी हलवलीन. उद्या मी धरून ठेवते."