पाळी कुणाची?

बायकोला कंपनीने वर्षभरासाठी स्टुटगार्टला पाठवलं आणि मी ‘पोरीकडे बघायला’ म्हणून तिच्या मागोमाग गेलो. पुण्यात केर काढायला मावशी येतात. त्या ‘दादा, पाय वर घ्या’ म्हणाल्या की मी पाय वर घेतो. स्वच्छतेतलं माझं योगदान एवढंच.

स्टुटगार्टात ‘केअरवोखे’ नावाचं प्रकरण असतं. बिऱ्हाडांनी आठवड्याची पाळी लावून झाडलोट करायची. छोट्या पाळीत आपल्या मजल्यावरचा जिना. मोठ्या पाळीत तळघर, अंगण, फुटपाथ, हिवाळ्यात वर बर्फही. पाळी ज्याची, त्याच्या दाराला पाटी. आठवडा संपला की ती पुढच्या दाराला अडकवायची. याची मुळं पंधराव्या शतकातल्या नगरनियमांत सापडतात. महापौर मानफ्रेड रोमेल (हो, त्याच वाळवंटवाल्या फील्डमार्शलचे चिरंजीव) यांच्या कारकिर्दीत, १९८८ साली, पालिकेने सक्ती उठवली. पण घरमालकांच्या भाडेकरारातून तिला हुसकणं कुठल्याही रोमेलला जमलेलं नाही.

तर, नोव्हेंबरात आमच्या इमारतीतली मोठ्या पाळीची पाटी गायब झाली.

पाटीच नाही म्हटल्यावर पाळी कुणाची? कुणीच झाडेना. दाराशी ओल्या पानांचा चिखल साचला. माणसं एकमेकांना ‘गुटन मॉर्गन’ म्हणत, पण दात आवळून. मला मात्र मनापासून आनंद झाला. जर्मन शिस्त, जर्मन शिस्त म्हणून ऐकवतात ना आपल्याला! तळमजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या तेव्हा मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये त्यांना सामाजिक जबाबदारीवर चार वाक्यं सुनावली. शेवटच्या वाक्याचं क्रियापद आठवेना, म्हणून नुसती मान हलवली. तिसऱ्या मजल्यावरच्या विद्यार्थ्यावर माझा संशय असल्याचंही डोळ्यांनी सुचवलं. आजी प्रभावित झाल्या असाव्यात, कारण त्या पोरीसाठी घरी केलेली बिस्किटं घेऊन थेट वर आल्या.

पोरीने त्यांना हाताला धरून भातुकली दाखवायला नेलं. तिथे बाहुलीच्या दुकानावर, दोरीसकट, दिमाखात ती पाटी.

“ही कुठून आणलीस गं?” मी शक्य तितक्या परक्या आवाजात विचारलं.

“आपल्याच दाराला होती. तूच म्हणालास, घे, काहीतरी जाहिरात असेल!”

हे तिने मराठीत सांगितलं म्हणून मी सुटकेचा श्वास सोडतोय, तोच तिने तेच आजींना अस्खलित जर्मनमध्ये सांगितलं. बालवाडीत काय शिकवतात देव जाणे.

आजी काही बोलल्या नाहीत. बिस्किटांचा डबा पोरीच्या हातात दिला, पाटी उचलली आणि जाताना आमच्या दाराला अडकवून गेल्या. त्या रात्री बर्फ पडला. कामाच्या दिवशी फुटपाथ सकाळी सातच्या आत मोकळा हवा. अंधारात मी फावडं ओढत होतो, वर खिडकीत बायको पुण्याला व्हिडिओ कॉल लावून उभी होती, आणि फोनमधून आईचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जात होता : “अगं, जरा जवळून दाखव, हा खरंच आपलाच आहे का?”