एक जूनची माणसं

आमच्या रुग्णालयाच्या बावीस वर्षांच्या नोंदी क्लाउडवर न्यायचं ठरलं आणि सहा महिन्यांच्या कंत्राटावर डेटा डेव्हलपर निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी हिशेब विभागातला. पण "मुलाखत तुम्हीच घ्या, तुम्हाला माणसं कळतात," असं कुणी म्हटल्यावर मी नाही म्हणणारा नव्हे. आदल्या रात्री दोनपर्यंत व्हिडिओ पाहिले. क्लाउड, लेक, स्ट्रीम, पाइपलाइन... मध्येच शंका आली, आपण पाटबंधारे खात्याची भरती तर करत नाही ना?

"डेटा लेक आणि वेअरहाउस यांत फरक काय?" मी कागदात बघून विचारलं. समोर बसलेल्या मुलीनं दिलेलं उत्तर माझ्या कागदावर नव्हतं. "बरोबर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मग तिनंच विचारलं, "सर, एकेका पेशंटची नोंद किती वेळा झालीय?" हे व्हिडिओत नव्हतं. तिचा ताशी दर ऐकून माझ्यातला हिशेबनीस कळवळला, पण घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात ती लॅपटॉप घेऊन आली. रिकाम्या तारखांच्या जागी यंत्रानं १ जानेवारी १९०० भरलं होतं, त्यामुळे प्रसूती कक्षात सव्वाशे वर्षांच्या बायका होत्या. 'बेबी ऑफ सुनीता' आता मिशीवाला झाला होता, नोंदीत अजून बेबीच.

"आणि हे बघा सर, साठीपुढचे पेशंट. ओळीनं १ जून. कुणीतरी डमी तारीख टाकलीय. उडवू?"

"अगं, डमी कसली! ते गुरुजी आहेत!"

आणि मी सुटलो. पूर्वी जूनमध्ये शाळेत पोर उभं राहायचं. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की झालं सहा वर्षांचं. गुरुजी त्या सालातून सहा वजा करून १ जून लिहीत. तीच तारीख पुढे दाखल्यावर, नोकरीत, पेन्शनीत. एक तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिनाअखेरीस निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला एकेका कार्यालयात हार कमी पडतात. वीस मिनिटं बोललो. इतकं मन लावून माझं घरी कुणी ऐकत नाही.

ती म्हणाली, "म्हणजे यांची खरी तारीख कुठेच नाही?"

यादीत माझी आईही होती. १ जून १९४८. संध्याकाळी फोन केला.

"गांधीजी गेले त्या साली, गौरी जेवायच्या दिवशी," आई म्हणाली. "तारीख कोण लिहून ठेवणार? मुलगीच झाली होती. दादाची मात्र घटका-पळं पत्रिकेत आहेत हो."

मला मामाचा उगाच राग आला. मामा जाऊन नऊ वर्षं झाली.

आधारवर १ जूनच असल्यानं तारीख बदलता येईना. मुलीनं शेजारी एक रकाना वाढवला : 'तारीख अंदाजे'. आईपुढे तिथं 'हो' आहे.

शेवटच्या बिलात त्या रकान्याचे दोन तास लावले होते. हिशेब विभागानं एकही शंका न काढता मंजूर केले.