आठ परसांचं कॅरिबियन

पुतण्यानं माझ्या जेवणाच्या ताटाला मोबाइल टेकवला आणि म्हणाला, “काका, हे बघा, बोनेअर!” मला वाटलं, बोअर पाडायचं नवं मशीन आलं. आमच्या जांब समर्थात कुणी ‘बो’ म्हटलं की पुढचा माणूस आपोआप ‘किती फुटाला लागलं?’ असं विचारतो.

पण हे कॅरिबियन समुद्रातलं बेट निघालं. नेदरलँड्सचं. १९७९ पासून तिथला भोवतालचा समुद्र राखीव आहे. काठावरून पाण्यात शिरायचं, डोळ्यांना काचेचा चष्मा लावायचा, तोंडात नळी धरायची आणि पालथं तरंगत खालचे प्रवाळ आणि मासे बघायचे. याला स्नॉर्कलिंग म्हणतात. पुतण्याला हे करायचं होतं आणि सगळ्या घरादाराला घेऊन करायचं होतं.

व्हिडिओ पाण्यातून जमिनीवर आला. निवडुंग, खडक, शेळ्या, मोकाट गाढवं. माय चष्मा पुसत म्हणाली, “हे तर आपल्या माळावानी दिसायलंय. गाढवं बघायला इमानात काहून बसायचं?”

मायचं खरंच होतं. मी मास्तर माणूस, लगेच वाचून काढलं. त्या बेटावर वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आमच्या जालना जिल्ह्याची सरासरी त्याहून बरी. पिण्याचं पाणी ते समुद्राचा खारटपणा काढून करतात. आणि गंमत अशी, की पाऊस कमी, मोठी नदी नाही, म्हणून समुद्रात गाळ जात नाही, आणि म्हणूनच पाणी इतकं नितळ! म्हणजे ही माणसं दुष्काळ विकून खातात. आमच्याकडे तोच माल वर्षानुवर्षं पडून आहे. समुद्र तेवढा कमी पडला.

थोरल्या भावाचा विरोध नव्हता. त्याच्या लेखी कॅरिबियन म्हणजे वेस्ट इंडीज आणि वेस्ट इंडीज म्हणजे घरचाच प्रांत. १९७१ साली वाडेकरांच्या संघानं तिथे जाऊन मालिका जिंकली, गावसकरांनी पहिल्याच मालिकेत ७७४ धावा काढल्या, सरदेसाईंनी ६४२. हे तो अजून कालच घडल्यासारखं सांगतो. “आपली माणसं तिथं आधीच जाऊन आलीत,” असा त्याचा मुद्दा. पण चौदा हजार किलोमीटरच्या पुढचं अंतर आणि तिकिटाचा आकडा ऐकल्यावर त्यानं मनातल्या मनात मोसंबीचा बहार विकला, तूर विकली, बैलजोडीपर्यंत आला आणि म्हणाला, “मालवणला बी समुद्रच हाय ना?”

आहे की. मालवण-तारकर्लीला स्नॉर्कलिंग होतं, प्रवाळ आहेत, १९८७ मध्ये तिथल्या समुद्राला अभयारण्य म्हणून जाहीर केलं. तिथे नद्या गाळ आणतात, त्यामुळे पाणी बोनेअरइतकं नितळ नाही, आणि पावसाळ्यात सगळं बंद. पण पासपोर्ट लागत नाही. बैठकीत कॅरिबियनचं मालवण झालं.

मग रस्ता ठरवायला बसलो. बीड, बार्शी, पंढरपूर, कोल्हापूर, मग घाट उतरून मालवण. साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. यात पंढरपूर मायनं घातलं, कोल्हापूर वहिनीनं. बायको म्हणाली, एवढं जातोच आहोत तर तुळजापूरला तोंड दाखवून जाऊ. स्नॉर्कलिंगसाठी चार दिवसांतला दीड तास उरला.

तारीख काढणं त्याहून अवघड. दिवाळीनंतर कापूस वेचणी. डिसेंबर-जानेवारीत तूर. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, मी सुपरवायझर. चैत्रात रामनवमी; समर्थांची जयंतीही त्याच दिवशी. त्या आठवड्यात जांबचा माणूस गाव सोडून पाण्यात तोंड घालून पडलाय हे कळलं तर मेलेल्या आज्याच्या पिंडाला कावळा शिवायचा नाही. पुढे लग्नसराई, आणि मेच्या अखेरीला मालवणात बोटी बंद. तसं शेवटच्या घडीला पळ काढायची आमच्या गावाची परंपरा मोठी आहे. नारायण ठोसर नावाचा मुलगा बोहल्यावरून ‘सावधान’ ऐकून पळाला आणि समर्थ रामदास झाला. आमच्यातले बाकीचे पळतात आणि तलाठी कार्यालयात सापडतात.

“समर्थ टाकळीला बारा वर्षं पाण्यात उभे राहिले,” माय म्हणाली. “तोंडात नळी नव्हती धरली त्यांनी.”

“आजी, मासे त्यांच्याबी पायाला लागायचे म्हणतात,” पुतण्या म्हणाला. मायला हे पटलं. तिनं सिंधुदुर्ग किल्ल्याची चौकशी केली. मी सांगितलं, १६६४ मध्ये बांधायला घेतला, चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत तीन गोड्या विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. ती विचारात पडली. “म्हणजे समुद्र वलांडून जायचं, अन् बघायची विहीरच.”

त्या वाक्यानं आमचा सराव कुठे करायचा हा प्रश्न सुटला.

पुतण्यानं ऑनलाइन दोन चष्मे आणि दोन नळ्या मागवल्या होत्या. रविवारी आम्ही मळ्यातल्या विहिरीवर गेलो. आठ परस खोल, म्हणजे एकावर एक आठ माणसं उभी राहतील एवढी. त्यात फेब्रुवारीचं दोन परस पाणी, हिरवट पण स्वच्छ. आम्ही इथेच पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो, इथेच मुटके मारले. पण मुटका मारणाऱ्याला वर येण्याची घाई असते. खाली काय आहे हे बघायला कुणी कधी थांबलंच नव्हतं.

भावाला नळी फारच आखूड वाटली. “ठिबकची सोळा एमएमची नळी जोड, वीस फूट. पार तळाला जाऊन बस.” मी फळ्यावर शिकवतो तसं समजावलं. खाली जाल तसं पाणी छातीवर दाबतं, वरची हवा ओढायला फुफ्फुसांत जोर उरत नाही. आणि सोडलेला श्वास लांब नळीतच राहतो, पुन्हा तोच आत येतो. म्हणून नळी हातभरच. “मग तळाचं काय उपयोगाचं नाही तर,” म्हणून तो मोटरीचा स्टार्टर तपासायला गेला.

चष्म्यावर वाफ धरू नये म्हणून काचेला आतून थुंकी लावतात. मायनं हे काठावरून पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी पायऱ्या उतरून पाण्यात पालथा झालो. नळीतून माझाच श्वास कानात बैलासारखा घुमत होता. आधी काही दिसेना. मग सूर्य कलला, उन्हाचा एक पट्टा तिरपा आत उतरला आणि दगडी बांधणीच्या फटी उजळल्या. एक बेडूक माझ्याकडे बघत होता. फुटव्हॉल्व्ह दिसला. २०१९ ला विहीर आटली तेव्हा आम्ही गाळ काढला होता; त्यानंतर जे पडलं ते सगळं तिथे होतं. एक चप्पल, दोन पाने, प्लास्टिकची बादली. आणि हातभर खाली कपारीत, शेवाळानं हिरवी झालेली पितळी कळशी.

ती कळशी मी ओळखली. बायकोच्या रुखवतातली. लॉकडाऊनच्या साली पुण्याची मंडळी घरी होती, दिवसातून दोनदा पाणी शेंदलं जायचं, तेव्हा नाहीशी झाली. ती वहिनीनं माहेरी पोचवली असं बायकोचं मत. मत तिनं बोलून कधी दाखवलं नाही. पण पाच वर्षं दोघींच्या चुली शेजारी आणि भाजीच्या वाट्या परक्या होत्या. पुतण्यानं बुडी मारून कळशी वर आणली. बायकोनं चिंच लावून घासली. काठावर तिच्या वडिलांचं नाव ठोकलेलं निघालं. वहिनी लांबूनच म्हणाली, “विहिरीनं तरी मपली अब्रू राखली.” त्या रात्री आमच्या घरी तिच्याकडून वाटीभर शेवगा आला.

बातमी गावात पसरली. दुसऱ्या दिवशी कुंभार पिंपळगावाहून फोन. विहिरीत मोबाइल पडलाय, गळ टाकून निघंना, चष्मेवाल्याला पाठवा. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आखाड्यावरचा गडी आला. त्यांचा पोहरा. पुतण्यानं वहीत नावं लिहायला घेतली आहेत. मालवणची तारीखही त्याच वहीत आहे, पण तिच्या अलीकडे सात विहिरी आहेत.

काल संध्याकाळी माय माझ्याजवळ येऊन बसली. इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला.

“कपारीच्या जरा डाव्या हाताला बघ रं एकदा. मागल्या पोळ्याला मपला अडकित्ता पडलाय. मी सुनंवर घेतलं होतं.”