वॉरंटीबाहेरचं सोलापूर

नव्या लॅपटॉपच्या खोक्यातलं वॉरंटीचं चोपडं कोणी वाचत नाही. सोलापूरकराने तर मुळीच वाचू नये. बऱ्याच लॅपटॉपना भोवतालचं तापमान 35 अंशांपर्यंतच मानवतं, असं बारीक टायपात छापलेलं असतं. इथे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर मुक्कामालाच येतो. म्हणजे भरदुपारी यंत्र उघडलं, हाच मालकाचा गुन्हा.

धूळ, कीटक, विजेच्या दाबातले चढउतार, सांडलेलं काहीही, सगळं वगळलेलं. यंत्रमागाच्या शेडला लागून घर असलं की टॉवेलचं तूस पंख्यात जाऊन बसतं. पंखा घरघरतो, वारा काही येत नाही. तेही तुमचंच दुर्लक्ष. काही यंत्रांच्या पोटात इवलासा पांढरा स्टिकर असतो, ओल लागली की लाल होणारा. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा आधी तोच बघतो. ‘काका, लिक्विड डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही.’ काकांच्या शपथेपेक्षा स्टिकरची साक्ष मोठी.

काकाही धुतल्या तांदळाचे नाहीत म्हणा. कीबोर्डवर ताटली टेकवून भाकरी आणि शेंगाचटणी खाणारे, मग फटीतली चटणी टाचणीने उकरणारे वीर गल्लोगल्ली आहेत.

एकतर्फी, अन्यायी अटींविरुद्ध दाद मागायची सोय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. फक्त ती जिल्हा आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे मागायची. त्यासाठी मुंबई गाठायच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट वॉरंटीत धरलेलं नाही.