कावळ्यांस घास घालण्यास सक्त मनाई

सिंगापूर, घटस्थापना,
२२ सप्टेंबर २०२५

ती. आईस सा. न. वि. वि.

काल फोनवर तू म्हाळाचं सगळं खोदून विचारलंस आणि नेमकी कावळ्यापाशी आलीस तेव्हा फोन कटला. बरंच झालं. ते उत्तर फोनवर मावणारं नाही.

आधी स्वयंपाकाचं. टेक्का मार्केटात केळीची पानं, अळू, गवार, कारली, लाल भोपळा सगळं मिळालं. भरडा आणि आमसुलं तू दिलेली होतीच. तुझ्या सुनेचे वडे टम्म फुगले. अडलं ते कावळ्यापाशी. इथे मोकळ्या पशुपक्ष्यांना खायला घालणं २०२० पासून कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या खेपेला ५,००० डॉलरपर्यंत दंड, म्हणजे तीन लाखांच्या वर गं! तेवढ्यात गयेला जाऊन अख्ख्या कुळाचं उरकून येता येईल.

कावळे नाहीत असं मुळीच नाही. चांगले आपल्याच जातीचे, करड्या मानेचे. १८९०च्या दशकात मलायातल्या क्लांगजवळ कॉफीच्या मळ्यांतल्या अळ्या खायला म्हणून सिलोनहून कावळे मुद्दाम आणून सोडले होते. कॉफी गेली, कावळे राहिले. म्हणजे तेही आमच्यासारखेच, नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. फरक इतकाच, की सरकार आमची घरटी काढत नाही.

पोरांना आपला गुहागरचा म्हाळ सांगितला. भटजींची त्या दिवशी चार घरं, त्यात आपलं शेवटचं. काका पान घेऊन परसात उभे राहून ‘काऽव काऽव’ करायचे, आणि खरे कावळे ओरडत असायचे आमच्या पोटात. कावळा यायचा, भाताकडे ढुंकूनही न बघता थेट वडा उचलायचा. काका म्हणायचे, “बापूच! डॉक्टरने तळलेलं बंद केलं होतं, आणि वहिनीने ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं.” माईआजीच्या पानाला उशीर झाला, की तुझा चेहरा पडायचा. “आमटीत मीठ जास्त झालं का गं?” असं तू काकूला हळूच विचारायचीस. सासू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आमटी पास व्हायची ती तिच्याकडूनच!

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. आपल्या पंगतीत मात्र त्या दिवशी दुसरं काही बोलतच नसत. आत्येआजी पत्त्यांत चोरी करायची, बापू बशीतल्या चहाला फुंकर मारायचे ती ओटीपर्यंत ऐकू यायची. मी बापूआजोबांना पाहिलेलं नाही, पण ती फुंकर मला पाठ आहे. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतून एवढं कळलं नसतं.

इथल्या चिनी लोकांचंही हेच चाललेलं असतं. त्यांच्या पंचांगातला सातवा महिना भुकेल्या भुतांचा. यंदा तो आणि आपला पितृपक्ष एकाच दिवशी, कालच, संपला. बिल्डिंगखाली लोखंडी पिंपं ठेवलेली असतात. त्यांत कागदाची घरं, गाड्या, मोबाइल जाळून पितरांना पाठवतात. नोटाही पाठवतात, शून्यं मोजता मोजता दमायला होतं. मांडव घालून गाण्यांचे कार्यक्रम होतात आणि पहिली रांग भुतांसाठी राखीव असते. धाकटा पळत जाऊन नेमका तिथेच बसला. शेजारच्या चिनी आजींनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून वाकून माफीही मागितली. आपल्या गावच्या नाटकाला सरपंचाच्या खुर्चीचाही एवढा मान नसतो.

तर काल काय केलं? पान खिडकीत ठेवून आतूनच नमस्कार केला, कावळ्याचा घास पानावरून काढून घेतला आणि त्याच आजींना जेवायला बोलावलं. त्यांनी पहिल्यांदा काय उचललं असेल? वडा! नंतर आमसुलाची चटणी तीनदा मागून घेतली. “कोणासाठी केलंय हे?” म्हणाल्या. मी बापूंची फुंकर करून दाखवली. मग त्यांनी त्यांच्या सासऱ्यांचं घोरणं करून दाखवलं. पोरं हसून हसून पाटावरून पडायची बाकी होती. पंगत अगदी आपल्यासारखी झाली.

आमसुलं संपली, कोणी येणार असेल तर पाठव. बाबांना, काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळू

ता. क. रात्री धाकट्याने वही काढून विचारलं, “बाबा, तुमच्या पानावर काय वाढायचं?” मी बेसावध होतो, खरं तेच सांगून बसलो, चिली क्रॅब. त्याने लिहूनही घेतलं. भाद्रपदात खेकडा चालतो का, ते भटजींना सहज विचारून ठेव. माझं नाव सांगू नकोस.